कामाच्या ठिकाणची सुप्त क्षमता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान-मध्यम कारखान्यांचे मालक, शिफ्ट सुपरवायझर, सॉफ्टवेअर कंपन्यांतील टीम लीड आणि मनुष्यबळ विभागात नव्याने रुजू झालेले अधिकारी प्रशिक्षणवर्गांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्नांच्या क्रमाला विशेष अर्थ नाही. ज्याला जो प्रश्न अडला असेल, त्याने तो थेट वाचावा.

सुप्त क्षमता म्हणजे नेमके काय? ती प्रत्येकातच असते का?

एखाद्या माणसाला जे जमते, किंवा थोड्या तयारीने जमू शकेल, परंतु सध्याच्या कामात त्याची गरजच पडत नसल्यामुळे जे कोणाच्या लक्षात आलेले नाही, त्याला आम्ही सुप्त क्षमता म्हणतो. प्रत्येक माणूस काहीही करू शकतो, असा याचा अर्थ नाही. ते वाक्य सत्कार समारंभात शोभते, शिफ्टचे नियोजन करताना उपयोगी पडत नाही. तसेच सुप्त क्षमता म्हणजे केवळ नेतृत्वगुण, असेही नाही. बारीक फरक हाताला जाणवणे, चिडलेल्या ग्राहकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेता येणे, जुन्या नोंदी नेमक्या आठवणे, नवख्याला न ओरडता शिकवता येणे, या सगळ्या क्षमताच आहेत आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींसाठी पगारपत्रकात रकाना नसतो.

अशी क्षमता ओळखण्याची पारख उपजत असावी लागते का?

आमच्या मते नाही, आणि या पानावरील बाकीची बहुतेक उत्तरे याच मतावर उभी आहेत. 'मी माणूस बघताक्षणी ओळखतो' असे सांगणारे व्यवस्थापक आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्यांना ज्या माणसांची पारख अचूक ठरली ती माणसे आठवतात. ज्यांना त्यांनी पाहताक्षणी बाजूला सारले, ती पुढे दुसरीकडे काय करून बसली हे त्यांना कळण्याचे कारणच नसते. त्यामुळे हा आत्मविश्वास वर्षानुवर्षे न तपासलेला राहतो. निवडीच्या पद्धतींवर अनेक दशके झालेल्या संशोधनातूनही साधारण हेच दिसते, की मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून, त्याच कसोटीवर गुण देणारी मुलाखत अधिक भरवशाची ठरते, आणि प्रत्यक्ष कामाचा छोटा नमुना करून घेतला तर अंदाज आणखी नेमका होतो.

शाळेत पाठ केलेले एक सुभाषित अनेकांना आठवत असेल : मंत्र होऊ शकत नाही असे अक्षर नाही, औषध होऊ शकत नाही अशी मुळी नाही, अयोग्य असा माणूस नाही, 'योजकस्तत्र दुर्लभः'. निरोप समारंभात हा श्लोक साहेबांच्या तीक्ष्ण नजरेचे कौतुक म्हणून म्हटला जातो. प्रत्यक्षात त्यात नजरेविषयी काहीच नाही. माणसाला कुठल्या कामाला लावायचे ते ठरवून देणारा दुर्मीळ असतो, एवढेच त्यात म्हटले आहे. लहानसे, खरे आणि बिघडले तरी मोठे नुकसान होणार नाही असे काम द्यावे, ते कसे झाले हे पाहावे आणि जे पाहिले ते लिहून ठेवावे. ज्याच्याकडे तीक्ष्ण नजर नाही पण वही आहे, असा सुपरवायझर आम्हाला अधिक विश्वासाचा वाटतो.

मग पाहायचे तरी काय? कोणत्या खुणांवर लक्ष ठेवावे?

सर्वांत मोलाची खूण म्हणजे कोणी न सांगता, नेमून दिलेल्या कामाच्या काठावर माणूस जे करतो, ते. भोसरी एमआयडीसीतील एका मशीन शॉपमधील उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. तेथील एका हेल्परचे काम एवढेच, की लेथवरून उतरलेल्या भागांच्या कडांवरची बर, म्हणजे कापताना कडेला उरलेला धातूचा खरबरीत काठ, कानसीने काढायची, भाग धुवायचे आणि ट्रेमध्ये रचायचे. हा माणूस काही भाग ट्रेच्या एका कडेला वेगळे ठेवत असे. तपासणी करणारा मुलगा ते पुन्हा सगळ्यांत मिसळून टाकी, कारण वेगळे ठेवण्याची सूचना कोणीच दिली नव्हती. 'हे वेगळे का?' हा प्रश्न विचारायला कित्येक महिने जावे लागले. उत्तर असे मिळाले, की या भागांवरची बर जाड लागते, कानस अडखळते आणि असे भाग लागायला लागले की थोड्याच वेळात माप बाहेर जाऊन तपासणीत माल अडकतो.

मशीनवर काम केलेल्या वाचकाच्या हे लगेच लक्षात येईल. इन्सर्टची, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्या बदलता येणाऱ्या पात्याची, धार बोथट होऊ लागली की धातू स्वच्छ कापला जाण्याऐवजी कडेला रेटला जातो आणि बर वाढते. म्हणजे माप बिघडण्याच्या आधीच इन्सर्ट झिजल्याची बातमी या माणसाच्या हातात येत होती, आणि कारखान्यात ती ऐकणारे कोणी नव्हते. सुपरवायझरने त्याला बढती दिली नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. त्याच्या हाती एक वही दिली आणि बर जाड लागली की फक्त वेळ आणि मशीनचा क्रमांक लिहायला सांगितले. पंधरवड्याने ती वही इन्सर्ट बदलल्याच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दोन्हींचा मेळ बऱ्यापैकी बसला. त्यानंतर इन्सर्ट बदलण्याचे वेळापत्रक सुधारले आणि त्या माणसाला मायक्रोमीटर हे बारीक माप घेण्याचे साधन वापरायला शिकवून तपासणीच्या कामात घेतले गेले. वहीचा पुरावा हाती असल्यामुळे वरिष्ठांकडे शब्द टाकताना सुपरवायझरला 'माणूस हुशार वाटतो' असे मोघम बोलावे लागले नाही.

अशाच आणखी काही खुणा आहेत. अडचण आली की सहकारी कोणाकडे जातात, ते पाहावे. नेमलेल्या अधिकाऱ्याऐवजी तिसऱ्याच टेबलाकडे पावले वळत असतील, तर त्या टेबलावर काहीतरी आहे. माणूस कोणत्या प्रकारचे प्रश्न विचारतो, ते ऐकावे. 'हे कसे करायचे' आणि 'हे असेच का करायचे' या दोन प्रश्नांत बरेच अंतर आहे, आणि दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडे बहुधा आगाऊ ठरवले जाते. चूक झाल्यावर तो काय करतो, हेही महत्त्वाचे आहे. उलट चटपटीतपणा, हजरजबाबीपणा आणि साहेबांच्या आधी ऑफिसात येणे या खुणांना आम्ही फारसे वजन देत नाही.

माणसांचे समजले, पण परिस्थितीतील सुप्त क्षमता म्हणजे काय?

ज्याकडे आपण केवळ कटकट म्हणून पाहतो, त्यात बहुधा कोणी न वाचलेली माहिती पडून असते. रिजेक्शनचा, म्हणजे तपासणीत नाकारलेल्या मालाचा ढीग हे साधे उदाहरण. महिनाअखेरीस तो वजन करून भंगारात जातो आणि हिशेबात एक आकडा लागतो. तोच ढीग शिफ्ट, मशीन आणि कास्टिंगचा (ओतीव भागांचा) लॉट यांनुसार वेगळा करून ठेवला, तर दोष आपल्या मशीनचा आहे की फाउंड्रीकडून आलेल्या ब्लो होलचा (ओतकामात धातूत राहिलेल्या पोकळीचा), याचा निवाडा पुष्कळदा बैठकीशिवाय होतो.

दुसरे उदाहरण जुगाडाचे. फिक्स्चरच्या (भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) खाली कोणीतरी पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असते, संगणकाच्या पडद्यावर चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली असते, अधिकृत प्रणाली सोडून कोणीतरी स्वतःची एक्सेल फाइल ठेवलेली असते. ऑडिटच्या आदल्या दिवशी हे सगळे काढून टाकण्याचा आदेश निघतो. आमचे सांगणे असे, की काढण्यापूर्वी प्रत्येक जुगाडासमोर दोन मिनिटे उभे राहावे. तो पुठ्ठा सांगतो की फिक्स्चर झिजले आहे. शिवाय तो असेही सांगतो की किती झिजले आहे हे ओळखून, तेवढ्याच जाडीची घडी करून, नेमक्या बाजूला लावणारा माणूस याच शिफ्टमध्ये आहे. दोष आणि तो समजलेला माणूस, दोघेही एकाच ठिकाणी सापडतात. 'हे कोणी केले?' हा प्रश्न कोणत्या स्वरात विचारला जातो, यावर तो माणूस पुढे येणार की नाही, हे ठरते.

जपानमध्ये १९६२ पासून सुरू झालेली आणि ऐंशीच्या दशकात भारतात, विशेषतः पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात चांगली रुजलेली क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनी छोट्या गटांत बसून आपल्या कामातील दोष सोडवण्याची चळवळ याच विचारावर उभी होती : ज्याचे हात रोज त्या कामाला लागतात, त्याला त्या कामातील दोष सर्वांत आधी कळतो. अनेक कारखान्यांत आता ती स्पर्धेचे फलक आणि सादरीकरणे यांपुरती उरली आहे, ही खेदाची गोष्ट आहे. कायझेनची, म्हणजे छोट्या सुधारणांच्या सूचनांची पेटी भिंतीवर असते आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हे कोणालाच माहीत नसते.

माणूस आणि परिस्थिती या दोन्हींकडे एकत्र पाहिल्याचे पुण्यातील मोठे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते रोज सकाळी आपल्या दारात येते. कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ मध्ये पुण्यात उभी राहिली. तिची सुरुवात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून झाली. उकिरड्यावर कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या या लोकांकडे, ज्यांत बहुसंख्य महिला होत्या, शहराने उपद्रव म्हणूनच पाहिले होते. परंतु कोणते प्लास्टिक विकले जाते आणि कोणते नाही, कागदाची प्रत कोणती, कोणत्या वस्तूला भंगार बाजारात काय मोल आहे, हे ज्ञान शहरात दुसऱ्या कोणाकडेच एवढे नव्हते. दुसरीकडे २००० सालच्या घनकचरा नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची जबाबदारी महापालिकांवर टाकली होती आणि त्यासाठी माणसे हवी होती. या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. तेच काम करणारी तीच माणसे उकिरड्यावरून दारापर्यंत आली, आणि घराघरांतून त्यांना सेवाशुल्क मिळू लागले.

हे सर्व सुरळीत चालले, असे मुळीच नाही. कराराचे नूतनीकरण, सेवाशुल्क देण्यास होणारी टाळाटाळ, यंत्रे आणि मोठे ठेकेदार आणण्याचे प्रस्ताव असे वाद वेळोवेळी झाले आहेत. तरीही व्यवस्थापनाच्या वर्गात परदेशी कंपन्यांच्या गोष्टी सांगण्याआधी हे उदाहरण सांगावे, असे आम्हाला वाटते.

वार्षिक मूल्यमापनातून हे सगळे कळत नाही का?

फार थोडे कळते. अप्रेझलचा तक्ता गेल्या वर्षी नेमून दिलेले काम किती झाले, हे मोजतो. जे काम कधी दिलेच नाही, त्याविषयी तो काहीही सांगू शकत नाही.

चांगला ऑपरेटर चांगला सुपरवायझर होईलच ना?

होईलच असे नाही. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्ये मांडलेले तत्त्व प्रसिद्ध आहे : सध्याच्या पदावरील कामगिरी पाहून बढती देत गेले, की प्रत्येक जण अखेर अशा पदावर पोहोचतो जेथील काम त्याला जमत नाही, आणि मग तेथेच राहतो. मांडणी थट्टेच्या सुरात होती, पण विक्री विभागांतील बढत्यांवर पुढे झालेल्या अभ्यासात उत्तम विक्रेते व्यवस्थापक म्हणून कमी पडल्याचे खरोखरच आढळले. आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. पगार वाढवण्याचा दुसरा मार्गच ठेवलेला नसतो, म्हणून ज्याला मशीन सोडायचे नाही त्यालाही सुपरवायझर व्हावे लागते. यावर उपाय म्हणजे कसबाची स्वतंत्र शिडी : ऑपरेटर, सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारा), प्रशिक्षक-सेटर अशी पदे आणि त्यांना सुपरवायझरच्या तोडीचे वेतन. ज्याला माणसे सांभाळता येतील असे वाटते, त्याला आधी एका नव्या अप्रेंटिसची जबाबदारी देऊन पाहावी. शिकवताना तो मुलाच्या हातातून काम काढून घेतो की थांबून बघतो, एवढ्यावरून बराच अंदाज येतो.

बैठकीत एक शब्दही न बोलणाऱ्या माणसाची क्षमता कशी कळणार?

बैठकीबाहेर पाहून. हिंजवडीतील कंपन्यांत हा प्रश्न विशेष तीव्र आहे, कारण तेथे बोलणे म्हणजे इंग्रजीत बोलणे, तेही परदेशातील क्लायंटसमोर. बार्शी, उदगीर किंवा शहाद्याहून आलेला आणि बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा क्लायंट कॉलवर गप्प बसतो आणि 'कम्युनिकेशन कच्चे' असा शेरा घेऊन बाहेर पडतो. अशा वेळी त्याचे लेखी काम वाचावे. तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या संगणकीय नोंदीवर, त्याने लिहिलेला मजकूर, दोष कसा पुन्हा घडवून आणायचा याच्या पायऱ्या, कोडमधील टिपणे यांत विचारांची सुसूत्रता लपत नाही. एका सपोर्ट टीममध्ये असे आढळले, की सर्वांत अबोल मुलीने बंद केलेली तिकिटे तिचे सहकारी संदर्भासाठी पुन्हा पुन्हा उघडत होते. तिने शब्द थोडे वापरलेले असत, पण पुढच्या माणसाला दुसरा प्रश्न विचारावा लागत नसे. टीम लीडला हे माहीतच नव्हते, कारण त्याने तिकिटांची संख्या पाहिली होती, तिकिटे वाचली नव्हती.

बैठकीतही थोडा बदल करता येतो. विषय आदल्या दिवशी कळवावा, प्रत्येकाने दोन ओळी लिहून आणाव्यात आणि सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याने आधी बोलावे. साहेब एकदा बोलले की त्यानंतर येते ते मत नसते, अनुमोदन असते. आणि मराठीत बोललेला मुद्दा तेवढाच मुद्देसूद असू शकतो, हेही मान्य करावे.

स्पर्धा परीक्षांत काही वर्षे गेलेल्या उमेदवाराकडे कसे पाहावे?

हा खास पुण्याचा प्रश्न आहे. राज्यसेवेच्या तयारीसाठी राज्यभरातून मुले-मुली सदाशिव पेठ आणि आसपासच्या भागात येऊन राहतात, अभ्यासिकांत वर्षे काढतात, आणि जागा थोड्या व उमेदवार अफाट असल्यामुळे बहुसंख्य जण निवड न होताच बाहेर पडतात. खासगी कंपनीत गेल्यावर त्यांच्या परिचयपत्रातील ती वर्षे रिकामी धरली जातात आणि मुलाखत त्या रिकामेपणाच्या चौकशीतच संपते.

वास्तविक त्या वर्षांत बरेच काही घडलेले असते. मोठा मजकूर वाचून त्यातील नेमके काढणे, कायद्याच्या तरतुदी न घाबरता वाचणे, शासकीय पत्रव्यवहाराची भाषा, दिवसाचे वेळापत्रक स्वतः आखून स्वतःच पाळणे, ही कामे अनुपालन, निविदा, खरेदी, प्रशासन आणि दस्तऐवज विभागांत रोज लागतात. मुलाखतीत त्यांना परीक्षेविषयी विचारू नये, कारण त्या विषयावर ते नातेवाइकांना उत्तरे देऊन थकलेले असतात. त्याऐवजी पंधरा पानांची एखादी निविदा किंवा नियमावली द्यावी, एक तास द्यावा आणि एका पानाचे टिपण मागावे. मर्यादाही सांगितली पाहिजे. गटात काम करण्याची सवय मोडलेली असू शकते, आणि वयाने लहान वरिष्ठाकडून शिकणे पहिले काही महिने जड जाते. काहींच्या मनात अजून एक प्रयत्न द्यायचा असतो. तो आहे का, हे मोकळेपणाने विचारावे आणि खरे सांगितल्याची शिक्षा देऊ नये.

संसारासाठी काही वर्षे नोकरी सोडलेल्या स्त्रियांबाबत काय?

तत्त्व तेच, प्रत्यक्ष काम देऊन पाहण्याचे. त्यांना पुन्हा तळापासून सुरुवात करायला लावण्याऐवजी दोन-तीन महिन्यांचे, ठरलेल्या व्याप्तीचे आणि पूर्ण मोबदल्याचे काम द्यावे. या शहराला तरी हे कोणी वेगळे सांगायला नको. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास, म्हणजे आजच्या कर्वेनगर परिसरात गेला, आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची हकीकत अधिक बोलकी आहे. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या, शिक्षणाला त्यानंतरच आरंभ केलेल्या या बाई आश्रमाच्या कामात शिरल्या, गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी आश्रमासाठी निधी जमवला आणि १९१८ मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी त्या थेट अमेरिकेला गेल्या. तेथे घरकाम करून त्यांनी दिवस काढले. निधी जमवण्याचे काम त्यांना दिलेच गेले नसते, तर त्यांचे वक्तृत्व कुठल्या परीक्षेत उतरले असते?

आपण माणसाकडून काय अपेक्षा ठेवतो, याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, पण सांगितला जातो तितका नाही. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केलेला आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग नेहमी उद्धृत होतो. साधारण २० टक्के मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून, ती लवकरच चमकणार आहेत असे शिक्षकांना सांगण्यात आले. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत अशी मुले चाचणीत पुढे गेलेली दिसली. वरच्या इयत्तांत मात्र तसे ठळकपणे दिसले नाही, आणि प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीकाही झाली. त्यामुळे 'विश्वास ठेवा, माणूस चमत्कार करील' असा निष्कर्ष काढू नये. वरिष्ठाची अपेक्षा कामाच्या वाटपातून, शिकवायला दिलेल्या वेळातून आणि चुकीवर मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून माणसापर्यंत पोहोचते. या तीन गोष्टी बदलल्या नाहीत, तर मनातल्या मनात कितीही विश्वास ठेवला तरी उपयोग नाही.

ढोल-ताशा पथक, गणेश मंडळ, दिंडी यांतील गुण कामात धरावेत का?

माहीत करून घ्यावेत, धरून चालू नयेत. जो माणूस स्टोअरमध्ये मान खाली घालून बसतो, तोच पथकातील शंभरावर वादकांचा सराव आठवड्यांमागून आठवडे घेतो, किंवा आषाढात दिंडीच्या मुक्कामाचे आणि जेवणाचे नियोजन पाहतो, असे पुण्यात सहज आढळते. एवढी माणसे पगाराविना वेळेवर जमवणे ही साधी गोष्ट नाही. परंतु तेथे त्याला स्वेच्छेने आलेले लोक मिळतात आणि कामावर तसे नसते, हा फरक विसरू नये. शिवाय काहींना ते जग नोकरीपासून वेगळेच ठेवायचे असते. त्यांचा तो हक्क आहे. आणि मंडळाचा खजिनदार आहे म्हणून कंपनीच्या गणपतीची वर्गणी गोळा करायला त्यालाच पाठवणे, याला क्षमतेचा विकास म्हणत नाहीत.

पदवी नसलेल्या अनुभवी कामगाराला पुढे कसे न्यावे?

कागद कमी पडतो म्हणून माणूस अडून राहू नये, यासाठी काही वाटा आहेत. कामातून आलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची, म्हणजे पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना शिकण्याची संधी देत आले आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात; बरेच कारखाने याकडे स्वस्त हात म्हणून पाहतात, तर काही मोजके कारखाने वर्षभराची निवड चाचणी म्हणून.

पारखीच्या नावाखाली वशिलेबाजी होणार नाही, याची खात्री काय?

खात्री नाही, म्हणूनच नोंदींचा आग्रह. आपल्या गावचा, आपल्या कॉलेजचा, आपल्यासारखे बोलणारा, आपल्या आडनावाच्या जवळचा माणूस आपल्याला आधी दिसतो, आणि 'त्याच्यात काहीतरी आहे' असे मनापासून वाटते. ते वाटणे खोटे नसते. त्याच वेळी दुसऱ्याकडे पाहिलेलेच नसते. गेल्या वर्षभरात आपण ज्यांना नवे काम देऊन पाहिले, त्यांची यादी समोर ठेवावी. त्यात सगळी माणसे एकाच जिल्ह्याची, एकाच जातीची किंवा सगळे पुरुषच निघाले, तर तेवढी क्षमता तिथेच एकवटली आहे असे मानण्याचे कारण नाही. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांची नावे त्या यादीत आहेत का, हेही पाहावे. अनेक ठिकाणी त्यांची नावेच सुपरवायझरला ठाऊक नसतात.

'तुझ्यात क्षमता आहे' म्हणून दिलेल्या जादा कामाचा मोबदला द्यावा का?

द्यावा. पाहण्यासाठी दिलेले काम ठरलेल्या मुदतीचे असावे आणि शक्यतो नेहमीच्या कामाच्या वेळातले असावे. मुदत संपल्यावर ते काम कायमचे त्याच्याकडे राहणार असेल, तर पद आणि पगार दोन्ही बदलले पाहिजेत. क्षमता ओळखल्याच्या आनंदात दोन माणसांचे काम एकाच्या पगारात करून घेणारे व्यवस्थापक कमी नाहीत, आणि कामगार अशा कौतुकाला घाबरतात ते उगीच नाही.

माणूस तयार केला आणि तो चाकणला दोन हजार जास्त मिळतात म्हणून गेला, तर?

जाईल. काही जातीलच. पण सोडून जाणाऱ्यांशी मोकळेपणाने बोलल्यावर पुष्कळदा असे कळते, की दोन हजार हे शेवटचे कारण होते; नव्या ठिकाणी सेटरचे काम मिळणार आणि येथे ते कधी मिळेल हे कोणी सांगत नव्हते, हे पहिले. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण कारखान्यांना तंतोतंत लागू पडते. त्याच जागेसाठी बाहेरून आलेल्याला जास्त पगार दिला जातो आणि आतला माणूस ते पाहत असतो.

मी स्वतः कर्मचारी आहे आणि माझ्यातील क्षमता कोणाला दिसत नाही. मी काय करावे?

'मला मोठी जबाबदारी द्या' असे म्हणू नये, कारण त्यावर वरिष्ठाला 'बघू' याखेरीज काही म्हणता येत नाही. आपल्या विभागातील एक नेमकी अडचण निवडावी, तिच्या नोंदी महिनाभर ठेवाव्यात आणि एका पानावर मांडून, 'यातील एवढा भाग मला पंधरा दिवस करून पाहू द्या', असे मागावे. परवानगी मिळाली नाही तरी कागद आपल्याजवळ राहतो आणि पुढच्या मुलाखतीत तो प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतो. आपले टिपण वरिष्ठाने स्वतःच्या नावावर खपवले, तर पुढच्या वेळी ते ईमेलने, दोघातिघांना प्रत देऊन पाठवावे. भांडण टाळून साधता येईल असा हा उपाय आहे.

अंदाज चुकला आणि नव्या कामात माणूस कमी पडला, तर त्याला परत कसे आणावे?

परतीची वाट आधीच ठरलेली असावी. काम देतानाच 'आठ आठवडे पाहू. तुला किंवा आम्हाला जमले नाही, तर तुझे मशीन तुझेच आहे', असे दोन साक्षीदारांसमोर सांगावे आणि खरोखरच त्या मशीनवर तोपर्यंत कोणाला कायम करू नये. मुदत संपल्यावर निर्णय सर्वांदेखत न सांगता आधी त्याच्याशी बोलावे, आणि काम जड गेले की काम शिकवण्यात आपण कमी पडलो, हे तपासावे. मायक्रोमीटर हातात दिला पण वाचायला शिकवला नाही, असे प्रकार दिसतात तितके विरळ नाहीत. परत येताना पगार कमी होता कामा नये. त्याच्या फाइलमध्ये 'अपात्र' असा शेरा मारू नये. 'सेटिंगचे काम आठ आठवडे पाहिले, सध्या मशीनिंगला पसंती' अशा शब्दांत नोंद करावी आणि वर्षभराने त्यालाच पुन्हा विचारावे. तो नको म्हणाला, तर त्याचे उत्तर तारखेसह लिहून विषय तेथे थांबवावा.